भावोजींचा जास्तीचा फेरा

आमच्या भावोजींना पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण धरणावरचा माणूस म्हटल्यावर लोकांना वाटतं की हा गडी रोज सकाळी या काठावरून त्या काठावर हात मारून येत असेल, आणि भावोजीही तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाहीत. प्रत्यक्षात गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्यांचा आवाज बारीक होतो. "पाणी अडवायचं आणि सोडायचं, एवढं माझं काम," ते म्हणतात. "त्यात पडायला वेगळी माणसं असतात."

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धरणाचा दरवाजा वरखाली करायची त्यांची नोकरी. तरुणपणी चिकटले ते अजून चिकटलेलेच आहेत. भिंतीच्या टोकाला एक चौकोनी खोली आहे, तिला सगळे चाकखोली म्हणतात. खोलीच्या मधोमध कमरेएवढ्या उंचीवर लोखंडी चाक. कधीकाळी ते हिरवं असावं, पण जिथे भावोजींचे हात पडतात तिथला रंग उडून लोखंड चकचकीत झालंय. मोठी उचल मोटर करते, शेवटचे फेरे हाताने द्यायचे. एका खिडकीतून तळं दिसतं, समोरच्या खिडकीतून खाली नदी. टेबलावर फोन. त्या फोनला ताईने कापडी टोपरं शिवून दिलंय, जणू त्याला वारं बाधतं. फोन वाजतो, पलीकडून साहेब म्हणतात अमुक फेरे उघडा, भावोजी उघडतात. अमुक फेरे बंद करा म्हणतात, भावोजी बंद करतात. स्वतःच्या मनाने चाकाला हात लावायचा नाही, ही नोकरीची पहिली आणि शेवटची अट.

घरीही तीच तऱ्हा. गावभराचं पाणी ज्याच्या हातून जातं त्या माणसाने मोरीत किती तांबे ओतायचे हे ताई ठरवते. एकाच बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत, ती म्हणजे टपटपणारा नळ. कुणाच्याही घरी गेले आणि नळ गळत असला की त्यांचं बोलण्यात लक्ष लागत नाही. उठतात आणि आवळून येतात. माझ्या घरमालकाच्या नळाचा गळा त्यांनी एकदा इतक्या आपुलकीने आवळला की तो पुन्हा उघडेचना. प्लंबर आला, नळ निरखून म्हणाला, "हे कुणाचं काम?" मी म्हटलं, "जाणकाराचं."

मी गावात राहतो, छापखान्यात अक्षरजुळणी करतो आणि सुट्टीच्या दिवशी ताईकडे जातो. ताईच्या मते मी फक्त जेवायला जातो. गावाचं पाणी या तळ्यातूनच मोठ्या नळाने येतं, तेव्हा मी भावोजींच्या पाण्यावर पोसलेला आहे असं म्हणायला हरकत नाही, आणि भावोजी ते अधूनमधून म्हणतातही.

आता मिशाळबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं.

मिशाळ हा वीतभर लांबीचा, गाळाच्या रंगाचा, चार मिशांचा मासा. दिसायला अगदी यथातथा. जेवणानंतर डुलकी काढताना उठवलेल्या कारकुनाच्या चेहऱ्यावर जे भाव असतात, ते याच्या चेहऱ्यावर जन्मजात असतात. भिंत बांधायच्या आधी तो या नदीत इतका होता की कुणी त्याच्याकडे वळून बघत नसे. आता जगात कुठे उरला असेल तर भिंतीखालच्या या एका पट्ट्यात, असं मासेबाई म्हणतात. मासेबाई म्हणजे मत्स्य खात्याच्या अधिकारी. हे नाव धरणावरच्या वसाहतीतल्या बायकांनी ठेवलेलं, तोंडावर सगळे मॅडमच म्हणतात. वयाने ताईपेक्षा लहान. जीपमधून येतात, छातीपर्यंतचे रबरी बूट चढवतात आणि नदीत उभ्या राहून तासन्‌तास खाली बघतात. भावोजींना त्या काका म्हणतात.

मिशाळची अडचण अशी की त्याला ऐन उन्हाळ्यात नदी थोडी चढावी लागते. चढली की नर मासा काठच्या गोट्यांमध्ये एक गोटा पसंत करतो, खालची माती शेपटीने झाडून काढतो, मादी येऊन गोट्याच्या पोटाला अंडी चिकटवते आणि निघून जाते. मग पिल्लं निघेपर्यंत बाप तिथून हलत नाही. परांनी वारा घालत बसतो. तेवढे दिवस पाणी उतरता कामा नये. पूर्वी नदी आपली आपण चढायची. आता भिंतीमुळे ते काम भावोजींकडे आलं. दर उन्हाळ्यात साहेबांचा फोन येतो, "माशांचं पाणी सोडा, चार फेरे," आणि भावोजी चार फेरे देतात. हे चार फेरे मासेबाईंनी ठरवलेले. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं साहेबांच्या कचेरीत खुर्च्या झिजवल्या होत्या.

"चारच का हो?" मी एकदा विचारलं होतं.

"त्यांनी समजावलं होतं मागे," भावोजी म्हणाले. "मी मान हलवली."

"यांची मान हलते तेव्हा डोकं त्यात असतंच असं नाही," ताई आतून म्हणाली.

त्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा भावोजी भलतेच खुशीत होते. स्वतःहून माझ्या पुढ्यात चहा ठेवला. ताईने माझ्याकडे बघून भुवई उडवली. चहा संपायच्या आत ते म्हणाले, "मेव्हणे, चला. तुम्हाला वऱ्हाड दाखवतो."

मला ते एरवी अरेतुरे करतात. मेव्हणे आणि तुम्ही झालं की समजायचं, स्वारीच्या मनात काहीतरी आहे.

भिंतीच्या पायऱ्या उतरून आम्ही नदीकाठी आलो. तिथे गोट्यांचं एक रुंद, सपाट अंगण आहे. त्याच्या खाली उतारावर गोट्यांचाच एक अरुंद पट्टा. एरवी उन्हाळ्यात माशांचं पाणी त्या खालच्या पट्ट्यावर असतं आणि वरचं अंगण उन्हात तापत पडलेलं असतं. त्या दिवशी अंगणावर पाणी होतं. पातळ, लखलखीत, घोट्याच्या वर जेमतेम आलेलं, उन्हाने कोमट झालेलं.

"खाली बसा आणि हलू नका," भावोजी कुजबुजले.

बसलो. आधी काहीच दिसेना. मग एका गोट्याखालून दोन मिशा बाहेर आल्या. मग शेजारच्या गोट्याखालून. मग जिकडे बघावं तिकडे. चाळीत सकाळी प्रत्येक दारात एकेक जण दात घासत उभा असतो, तसे प्रत्येक गोट्याच्या तोंडाशी एकेक बाप पर हलवत उभा होता. एका गोट्याच्या पोटाला पिवळसर मण्यांचा गुच्छ मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

"एवढे कुठून आले?"

"होतेच. खालच्या पट्ट्यात जागाच नाही ना. दरवर्षी बघतो मी. चार चांगले गोटे आणि त्यांच्यावरून मारामाऱ्या. निम्मे तसेच माघारी जायचे." ते थांबले. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "या वर्षी मी पाच दिले."

"पाच काय?"

"फेरे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ज्या माणसाने उभ्या नोकरीत फोन आल्याशिवाय चाकाला बोट लावलं नाही, त्याने आपल्या मनाने एक फेरा जास्तीचा दिला होता. मला हसू आलं आणि थोडा अभिमानही वाटला.

"साहेबांना कळलं तर?"

"एका फेऱ्याने तळ्याला काय होतंय. आणि मॅडम नाहीत इथे, त्या दुसऱ्या नदीवर अडकल्यात. आल्या की बघतील." इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की मासेबाई चिक्कूपणा करतात. एवढं मोठं तळं, आणि माशांसाठी मागून मागून मागायचं काय, तर चार फेरे. "मागणाऱ्याने थोडं हात मोकळा सोडून मागावं," ते म्हणाले.

परत निघताना ते चार-चारदा मागे वळून बघत होते. ताईने विचारलं, "काय दाखवलं रे यांनी?" मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याचा संसार." ती म्हणाली, "मग तिकडेच जेवा म्हणावं."

पुढच्या सुट्टीला मी गेलो तेव्हा मासेबाईंची जीप दारात होती. मी आणि भावोजी नदीवर गेलो. बाई अंगणाच्या मधोमध उभ्या होत्या, पाय कुठे ठेवावा हे न सुचल्यासारख्या. चेहऱ्यावर आनंद होता, पण तो पुरता बसलेला नव्हता.

"काका, खालच्या पट्ट्यात एकही नाही," त्या म्हणाल्या. "सगळे वर आलेत. एवढं वर पाणी आलं कसं?"

भावोजी म्हणाले, "वरून एखादा ओढा आला असेल."

ऐन उन्हाळ्यात, ढगाचा पत्ता नसताना. मासेबाईंनी आभाळाकडे बघितलं, मग भावोजींकडे बघितलं. मी माझ्या चपलेकडे बघत होतो. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा आजूबाजूच्यांनाच जास्त लाज वाटते.

"पिल्लं निघायला अजून आठवडा तरी लागेल," बाई म्हणाल्या. "ही जोडपी म्हातारी आहेत, काका. मधली काही वर्षं पिल्लंच जगली नाहीत, त्यामुळे मागून तरुण मासे आलेच नाहीत. यांना पुढचा उन्हाळा मिळेल की नाही सांगता येत नाही. हा आठवडा निभला पाहिजे."

"निभेल की," भावोजी म्हणाले. "पाणी माझ्या हातात आहे."

तसं ते नव्हतं, हे दोन दिवसांत कळलं.

गावात तेव्हा पाण्याची बोंब सुरू झालेली होती. एक दिवसाआड यायचं ते दोन दिवसांआड येऊ लागलं. 'पाणी जपून वापरा' ही पत्रकं आमच्याच छापखान्यात छापली, आणि ती छापताना शाईचे हात धुवायला आमच्याकडे पाणी नव्हतं. घरमालकाने माझी आंघोळ अर्ध्या बादलीवर आणली होती, आणि त्या अर्ध्या बादलीकडेही तो असा बघायचा की मीच लाजून कपडे घालायचो. तळं आटत चाललं होतं. गावाच्या नळाचं तोंड तळ्यात जिथे आहे, त्याच्या वर आता फार पाणी उरलेलं नव्हतं. तोंड उघडं पडलं की गाव कोरडं.

मग फोन वाजला. नदीत जाणारं पाणी ठरलेल्या किमान मापावर आणा. दोन फेरे ठेवा, बाकी बंद.

त्या दिवशी मला सुट्टी नव्हती. ताईने छापखान्यात फोन केला. "तू ये," ती म्हणाली. "हे चाकखोलीत बसलेत आणि मॅडम आल्यात. जेवायला नको येऊस, असाच ये."

मी पोचलो तेव्हा चाकखोलीत चौघांना पुरेल एवढी हवा नव्हती. साहेब स्वतः आले होते. साहेब म्हणजे कुणी राक्षस नव्हे, डोक्याला रुमाल बांधलेला, थकलेला, सरळ माणूस. मासेबाई खिडकीशी. भावोजी चाकाजवळ, पण चाकाला हात न लावता, नातेवाइकाच्या घरातल्या महागड्या वस्तूपासून अंतर राखून उभं राहावं तसे.

"मॅडम, मी शब्द मोडत नाहीये," साहेब म्हणाले. "तुमचं माझं ठरलं होतं, कितीही ओढाताण झाली तरी खालचा पट्टा ओला ठेवायचा. दोन फेऱ्यांत तो ओला राहतो. गावात बोंब असताना मी तो ओला ठेवतोय. माझ्यावर किती जण चिडलेत ते मला विचारा."

"मला माहितीये," बाई म्हणाल्या. "चार फेऱ्यांचं पाणी मी त्याचसाठी मागितलं होतं. चारमध्ये ते खालच्या पट्ट्यातच अंडी घालतात. मग तुम्ही दोनवर आणलं तरी अंडी पाण्याखाली राहतात. जास्त मागितलं असतं तर मासे वर चढले असते, आणि वरचं पाणी टिकवायची खात्री तुम्ही देऊ शकत नव्हता." त्या जरा थांबल्या. "या वर्षी ते चढले. का ते कळत नाही."

खालून पाण्याचा आवाज येत होता. त्या आवाजात भावोजींचा जास्तीचा फेरा मिसळलेला होता, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं आणि त्यातला एक मी होतो.

"मी पाच दिले," भावोजी म्हणाले.

साहेबांना आधी कळलंच नाही. "काय दिले?"

"फेरे. चार सांगितले होते, मी पाच दिले. मला वाटलं, तिथे दाटी होते. ओढाबिढा काही नाही मॅडम, खोटं बोललो."

साहेब चिडतील म्हणून मी अंग चोरून उभा होतो. ते चिडले नाहीत. त्यांनी रुमाल सोडला, पुन्हा बांधला आणि म्हणाले, "अहो, तुमच्याकडून हे…" वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. भावोजींना कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं.

"आठवडाभर राहू द्या साहेब," भावोजी म्हणाले. "पिल्लं निघू द्या. मग पूर्ण बंद करा, माझी नोकरी घ्या, काय ते करा."

"तुमची नोकरी घेऊन तळं भरत नाही." साहेबांनी त्यांना दंडाला धरून तळ्याकडच्या खिडकीशी नेलं. तिथून काय दिसतं ते भावोजी रोजच बघत होते, तरीही त्यांनी वाकून बघितलं. पाण्याच्या कडेला वाळलेल्या गाळाची रुंद किनार पडली होती. "आठवडाभर पाच फेरे म्हणजे नळाचं तोंड उघडं. दवाखान्यात काय सांगू मी? मासे आहेत म्हणून?"

मी गावात राहतो. माझी अर्धी बादली त्या नळातूनच येत होती. भावोजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मी खिडकीतून लांबवर काहीतरी शोधल्यासारखं केलं.

साहेबांच्या हातात होतं तेवढं त्यांनी दिलं. एरवी तासाभरात बंद करतात, ते दिवसभरात हळूहळू करायची परवानगी. "एकदम उतरवू नका," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले.

चाक फिरवायला दुसरा माणूस बोलवता आला असता. मासेबाईंनी तसं सुचवलंही. भावोजी म्हणाले, "नको. उघडताना मीच होतो." त्यांनी पहिला पाव फेरा दिला. चाक सवयीने गुपचूप फिरलं, कुरकुरलंसुद्धा नाही.

मग आम्ही सगळे नदीवर. ताई पदर खोचून आली, वसाहतीतल्या दोन-तीन बायकाही बादल्या आणि घमेली घेऊन आल्या. मासेबाईंनी सांगितलं, गोटा पाण्यातच बादलीत सरकवायचा, अंड्यांना हवा लागू द्यायची नाही, आणि खालच्या पट्ट्यात नेऊन तसाच पाण्यात उतरवायचा. ऐकायला सोपं होतं. बरेच गोटे आमच्याच्याने हलण्यातले नव्हते. जे हलले त्यांच्या बापांनी गोंधळ घातला. मी एका गोट्याला हात घातला तर आतल्याने माझ्या अंगठ्याला कडकडून धरलं. दात नसावेत त्याला, पण हेतू स्पष्ट होता.

"सोड ना बाबा," मी त्याला म्हटलं. "मी तुमच्या बाजूचा आहे."

"त्याला पटत नाहीये," ताई म्हणाली. "मलाही लहानपणापासून पटलेलं नाही."

बायका हसल्या. तेवढंच हसणं झालं त्या दिवशी.

कारण गोटा नेला तरी बाप सोबत येत नव्हता. अंडी खाली गेली, आणि तो, जिथे गोटा होता त्या खड्ड्यापाशी परत येऊन उभा राहिला आणि रिकाम्या पाण्याला वारा घालू लागला. धरून खाली नेऊन सोडला तर पुन्हा वर. मासेबाई म्हणाल्या, जागेची खूण त्याच्या डोक्यात असते, गोट्याची नसते. आणि बापाशिवाय खाली ठेवलेल्या अंड्यांना बुरशी लागणार, हेही त्यांनीच सांगितलं, पण ते सांगताना त्या पुढचा गोटा उचलतच होत्या, म्हणून आम्हीही थांबलो नाही.

भावोजींची ये-जा चालली होती. वर जायचं, पाव फेरा द्यायचा, खाली यायचं आणि गोटे उचलायचे. वर एक माणूस पाणी काढून घेत होता, खाली तोच माणूस बादली घेऊन धावत होता. जिना चढता-उतरता त्यांना धाप लागत होती. मी म्हटलं, "भावोजी, फेरा मी देऊन येतो." म्हणाले, "तुला अंदाज नाही." मग स्वतःच म्हणाले, "मला तरी कुठे होता."

दुपार कलली तसं अंगणावरचं पाणी गोट्यांच्या फटीत शिरलं. पातळ व्हायला लागलं, मग त्याची डबकी झाली. तोपर्यंत नर मासे आपणहून खाली निघून जातील अशी माझी समजूत होती. मोठे मासे, वाट मोकळी, खाली नदी वाहतेय. काही गेले. बरेच गेले नाहीत. पाठीचा काटा पाण्याबाहेर आला तरी ते गोट्याखाली पर हलवत राहिले. आम्ही त्यांना हातांनी उचलून नदीत टाकत होतो आणि ते परत यायला बघत होते. मध्ये कोरडे गोटे आले तेव्हा थांबले. काठाशी, तोंड अंगणाकडे करून.

भावोजी तिथे बसले होते. पाणी त्यांच्या कमरेपर्यंत होतं आणि त्यांच्या ते लक्षात नव्हतं. हातातला मासा ते खाली सोडत, तो वळे, ते पुन्हा धरत. "अरे जा ना," ते म्हणत होते. "जा रे. तिकडे जा." चढ्या आवाजात नव्हे. शाळेच्या फाटकाशी मुलाला सोडताना बोलतात तसं.

मासेबाईंनी काही अंडी हवेच्या पंपावर टबात ठेवली आणि जीपमधून नेली. त्यातली थोडी पिल्लं जगली असं त्यांनी नंतर कळवलं. थोडी म्हणजे किती ते भावोजींनी विचारलं नाही. खाली नेलेल्या गोट्यांवरची अंडी दोन-तीन दिवसांत पांढरी पडली. गावाच्या नळाचं तोंड उघडं पडलं नाही. मला अर्धी बादली मिळत राहिली. पुढे पाऊस आला तेव्हा पाऊण झाली.

भावोजींवर कारवाई झाली नाही. साहेबांनी प्रकरण वर कळवलंच नाही, आणि कुणी काही बोललं नाही म्हणून भावोजींना ते कुणापाशी बोलून टाकायची सोयही राहिली नाही. ताई म्हणायची, "अहो, चांगल्यासाठीच केलंत ना." ते म्हणायचे, "तेच तर." या दोन वाक्यांवर त्यांचा सगळा संवाद संपायचा. गळके नळ आवळायचं मात्र त्यांनी सोडलं. आमच्याकडे एकदा आले होते तेव्हा मोरीतला नळ टपटपत होता. मी मुद्दाम तसाच ठेवला होता. ते ऐकत बसले. उठले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फोन आला. माशांचं पाणी सोडा, चार फेरे. त्या वर्षी तळ्यात पाणी बरं होतं. भावोजींनी चार फेरे दिले आणि चाकापासून लांब जाऊन उभे राहिले. पाणी खालच्या पट्ट्यावर आलं, नेमकं जिथे यायला हवं तिथे. मासेबाई दोनदा येऊन गेल्या. म्हणाल्या, कधीकधी उशीर होतो, वाट बघू.

भावोजी खाली जायला तयार नव्हते. "तू जा," ते मला म्हणाले. "तुझे डोळे चांगले आहेत." भिंतीवरून नदीपर्यंत हाक पोचत नाही, पाण्याच्या आवाजात विरते. म्हणून ठरलं की मिशाळ दिसला तर मी दोन्ही हात वर करायचे. ते खिडकीतून बघतील. दिसला नाही तर काय करायचं, हे ठरवायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं. ते तसंच राहिलं.

मी पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. प्रत्येक गोट्यापाशी वाकून बसलो, हललो नाही, श्वासही जपून घेतला. पाणी स्वच्छ होतं. परत आलो, पुन्हा एकदा बघितलं. मग उभा राहिलो आणि वर बघितलं. भावोजी खिडकीत उभे होते, चौकटीला धरून.

ऊन टळटळीत होतं. कपाळावरचा घाम ओघळून डोळ्यांत चालला होता, चरचरत होतं. पण पुसायला हात वर नेण्याची सोय नव्हती. ते बघत होते. मी दोन्ही हात मांड्यांना चिकटवून तसाच उभा राहिलो.